क्युरिऑसिटीचा एक दिवस आखताना

मंगळापर्यंत संदेश पोचायला अंतरानुसार साधारण 3 ते 22 मिनिटं लागतात. त्यामुळे क्युरिऑसिटी हा नासाचा मंगळावर फिरणारा रोव्हर (चाकांवरचा यंत्रमानव) इथून हाताने चालवता येत नाही. अख्ख्या दिवसाची कामं लिहायची, तपासायची आणि मंगळावरच्या सकाळी एकदम पाठवायची. मी इंजिनिअर नाही, या कामात बाहेरचाच. पण जेपीएलमधली (रोव्हर चालवणारी नासाची प्रयोगशाळा) ही पद्धत समजून घेताना एक गोष्ट पक्की कळली: इथलं बरंचसं कौशल्य काय करायचं यापेक्षा काय सोडायचं, हे ठरवण्यात आहे.

पहिली कात्री लावते ती वीज. प्लुटोनियमच्या उष्णतेवर चालणारं जनित्र 2012 मध्ये सुमारे 110 वॅट देत होतं, आणि ते दरवर्षी घटत जातं. जागेपणी रोव्हरला त्याहून जास्त लागतात, म्हणून बॅटऱ्या भरायला त्याला तासन्‌तास झोपवावं लागतं. सकाळच्या गारठ्यात मोटर हलवायची तर आधी हीटर लावा. तेच काम दुपारी स्वस्तात होतं. उलट एपीएक्सएस हा दगडातली मूलद्रव्यं मोजणारा सेन्सर थंडीतच चांगला चालतो, त्यामुळे तो संध्याकाळी दगडाला टेकवून रात्रभर मोजू देतात.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती चाकांची तपासणी. रोव्हरचा यांत्रिक हात सुमारे 2 मीटर लांब, आणि टोकाला ड्रिल, ब्रश, कॅमेरा असं जड ओझं. तो पुढे काढला की रोव्हरचा तोल बदलतो. एखादं चाक सुट्या दगडाच्या कडेवर असेल आणि तेवढ्यात घसरलं, तर टेकवलेलं उपकरण दगडावर घासलं जाणार. म्हणून आदल्या दुपारी ऑर्बिटरमार्फत, म्हणजे मंगळाभोवती फिरणाऱ्या यानामार्फत, आलेल्या फोटोंत सहाही चाकं एकेक करून बघतात. एकाबद्दल जरी शंका असली तरी हात बाहेर काढत नाहीत. समोर कितीही सुंदर खडक असो, तो लांबूनच बघायचा. शास्त्रज्ञांना हे जड जात असणार, पण नियम अगदी योग्य आहे: तिथे दुरुस्तीला कोणी जाऊ शकत नाही.

मंगळाचा दिवस, म्हणजे सोल, आपल्यापेक्षा सुमारे 40 मिनिटांनी मोठा. उतरल्यावर पहिले 90 सोल टीम मंगळाच्याच घड्याळावर जगली. पुढे पृथ्वीच्या वेळेवर आल्यावर अडचण अशी, की काही दिवस डेटा फार उशिरा पोचतो. मग दोन सोलांचा आराखडा एकदम करावा लागतो. पहिल्या सोलला रोव्हर चालवला, तर दुसऱ्या सोलला हात वापरता येत नाही, कारण नवी जागा अजून कोणी पाहिलेलीच नसते. तेव्हा हवेतली धूळ मोजणं, आकाशाचे फोटो अशी कामं ठेवतात. शिवाय 2016 पासून एजिस नावाचं सॉफ्टवेअर केमकॅम या लांबूनच दगड तपासणाऱ्या उपकरणाच्या लेझरसाठी दगड स्वतःच निवडू शकतं, त्यामुळे असे सोलही कामी येतात.