पिवळ्या ओळी

२०१२ची गोष्ट. फोर्टमधल्या एका लॉ फर्ममध्ये मी ज्युनिअर होते. सकाळीच सरांनी एक जाडजूड फाइल माझ्या टेबलावर टाकली. "सगळ्या तारखांचा तक्ता कर. कोणी मागितली, का मागितली. संध्याकाळच्या कॉलआधी हवाय."

क्लायंट हॉलंडची कंपनी. इथल्या एका सरकारी महामंडळाविरुद्ध परदेशी लवादात, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचांपुढे, जिंकलेली, पण निवाड्याची अंमलबजावणी आपल्या कोर्टात वर्षानुवर्षं अडकलेली. असली प्रकरणं आमच्याकडे पैशाला पासरी. मग आजच एवढी घाई कशाला?

कारण होतं व्हाइट इंडस्ट्रीजचा ताजा निकाल. या ऑस्ट्रेलियन कंपनीकडे कोल इंडियाच्या पिपरवार खाणीचं कंत्राट होतं. पैशांवरून वाद झाला आणि २००२ मध्ये लवादानं कंपनीला सुमारे ४१ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देवविले. वसुलीसाठी कंपनी दिल्ली हायकोर्टात गेली, निवाडा रद्द करून घ्यायला कोल इंडिया कलकत्ता हायकोर्टात. तिथून विषय सुप्रीम कोर्टात जाऊन पडला तो पडलाच. शेवटी कंपनीनं गुंतवणूक संरक्षण कराराखाली, म्हणजे एकमेकांच्या गुंतवणूकदारांना जपण्यासाठी दोन देशांनी केलेल्या कराराखाली, थेट भारत सरकारलाच लवादापुढे खेचलं आणि नोव्हेंबर २०११ मध्ये जिंकली. गंमत म्हणजे 'न्याय नाकारला' हा आरोप लवादानं फेटाळला होता. पण आपण कुवेतशी केलेल्या करारात, गुंतवणूकदाराला हक्क बजावण्याची परिणामकारक साधनं देऊ असं कबूल केलं होतं. ऑस्ट्रेलियाच्या करारात 'इतर देशांना द्याल ते आम्हालाही' असं कलम होतं. त्या कलमाच्या वाटेनं कुवेतला दिलेलं वचन ऑस्ट्रेलियन कंपनीच्या पदरात पडलं, आणि नऊ वर्षांची रखडपट्टी हा त्या वचनाचा भंग ठरला. हॉलंडशीही आपला असा करार होता; आमच्या क्लायंटला तीच वाट धरता येईल का, ते बघायचं होतं.

क्लर्ककाका आणि मी आदेशांच्या नकला घेऊन बसलो. वेळेअभावी सुनावणी नाही. उत्तरासाठी चार आठवडे. सरकारी वकिलांना सूचना नाहीत. एका तारखेला रेकॉर्डच आलं नव्हतं. पुढच्या तारखेला रेकॉर्ड आलं, तर रोस्टर, म्हणजे कोणत्या न्यायाधीशांपुढे कोणती प्रकरणं याची वाटणी, बदललेलं. काका म्हणाले, "मॅडम, बरं चाललंय की हे मॅटर. तारखा तरी पडतायत." ते मनापासून बोलत होते.

दुपारनंतर मात्र तक्त्यात पिवळा रंग वाढायला लागला. पिवळी ओळ म्हणजे आपल्याच बाजूनं मागितलेली तारीख. आमच्या आधीच्या वकिलांनी घेतलेल्या या तारखा: काउन्सेल, म्हणजे बाजू मांडणारे वकील, दुसऱ्या कोर्टात अडकले, नाताळात संचालक भेटत नाहीत, वगैरे. सरकारला जबाबदार धरायचं तर यांचा हिशेब आधी द्यावा लागणार.

कॉलवर हॉलंडच्या वकीलबाई होत्या. त्यांनी पिवळ्या ओळी बाजूला काढायला लावल्या. मग विचारलं, "उरलेल्या तारखांना महामंडळाला कधी दंड झाला?"

"एकदा. दोन हजार रुपये," सर म्हणाले.

"भरला?"

मी फाइल पुन्हा चाळली. पावती नव्हती.

परक्यांपुढे आपल्या कोर्टाचं धुणं धुतल्यासारखं वाटून मला खरं तर रागच आला होता. पण त्याच महामंडळाकडे थकलेलं बिल मागणारा नाशिकचा एखादा ठेकेदार त्याच कोर्टाच्या व्हरांड्यात उभा असतो. त्यानं आपला तक्ता कोणत्या लवादापुढे न्यायचा? त्याच्यासाठी ही वाटच नाही.

सरकारनंही पुढे धडा घेतला, पण भलताच. पुढच्या करारांसाठी साचा म्हणून केलेल्या नव्या नमुना करारातून ते 'आम्हालाही' वालं कलम गाळलं, आणि गुंतवणूकदारानं आधी किमान पाच वर्षं इथल्या यंत्रणेकडे दाद मागावी अशी अट घातली. पाच वर्षं! काकांच्या हिशेबानं मॅटर तेव्हा कुठे रांगायला लागतं. हॉलंडबरोबरचा जुना करार २०१६ मध्ये संपवला.

आमच्या क्लायंटनं सरकारला नोटीस पाठवलीच नाही. लवादाचा खर्च ऐकून संचालकांनी हात आखडता घेतला. महामंडळानं व्याज सोडून मुद्दल देऊ केलं, ते घेऊन कंपनी मोकळी झाली. तडजोडीच्या बैठकीत सरांनी माझा तक्ता टेबलावर ठेवला होता. अर्थात, पिवळ्या ओळी वगळून.