घरच्या घरी स्प्लेंडरचा चेन सेट बदलताना

स्प्लेंडरची चेन पूर्ण कव्हरमध्ये बंद असल्यामुळे धूळ-चिखलापासून वाचते खरी, पण नजरेआड असल्यामुळे मालकाच्या लक्षातूनही जाते, आणि गाडीने वेग घेताना झटके बसू लागले किंवा कव्हरला चेन घासून खडखडाट सुरू झाला की मगच तिची आठवण होते. तोवर नुसती चेन ताणून भागण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते. या गाडीला ४२८ क्रमांकाची चेन लागते, म्हणजे तिच्या लगतच्या दोन पिनांमधले अंतर १२.७ मिलिमीटर असते. नव्या चेनवर २० कड्यांची लांबी २५४ मिलिमीटर भरते. चेन ताणून धरल्यावर हेच माप २५९ च्या पुढे गेले, तर आतल्या पिना आणि बुश (पिनांभोवतीच्या छोट्या नळ्या) झिजून ती दोन टक्क्यांहून अधिक लांबली आहे आणि बदलायलाच हवी.

दुकानात नुसती चेनही मिळते आणि पैसे वाचतात म्हणून ती घेण्याचा मोह होतो, पण मी तसे करण्याचा सल्ला कोणालाही देणार नाही. लांबलेल्या चेनबरोबर फिरून स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन ज्यांवर चढते त्या पुढच्या-मागच्या चक्रांचे, दातेही हुकासारखे एका बाजूला झुकलेले असतात, आणि अशा दात्यांवर चढवलेली नवी चेन वेळेआधीच खराब होते. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट असा पूर्ण सेट घ्यावा, आणि पैसे देण्याआधी दोन्ही स्प्रॉकेटचे दाते जुन्यांशी मोजून पाहावेत.

हत्यारे घरातली पुरतात. क्रम मात्र पाळावा लागतो. गिअरचे पेडल आणि इंजिनाच्या डाव्या बाजूचे छोटे कव्हर काढले की पुढचे स्प्रॉकेट दिसते. ते एका पातळ लॉक प्लेटने आणि १० नंबरच्या दोन बोल्टांनी धरलेले असते. हे बोल्ट आणि मागच्या स्प्रॉकेटचे नट चेन गाडीवर असतानाच, गिअर टाकून आणि कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगून ढिले करावेत, कारण एकदा चेन उतरली की पान्याबरोबर शाफ्टही फिरत राहतो. बोल्ट निघाल्यावर प्लेट किंचित फिरवली की तिचे दाते शाफ्टच्या खाचांशी जुळतात आणि ती अलगद बाहेर येते. तिच्यामागे वंगण आणि माती यांचा काळा, डांबरासारखा घट्ट थर साचलेला असतो. तो खरवडून रॉकेलने पुसून काढल्याशिवाय नवे काही बसवू नये. पेट्रोल या कामाला वापरू नये, हे सांगायची खरे तर गरज पडू नये.

मागचे स्प्रॉकेट बदलण्यासाठी चाक उतरवले आहे तर हबमधले, म्हणजे चाकाच्या मध्यभागातले, झटके शोषणारे रबरही पाहावेत. स्प्रॉकेट हाताने मागेपुढे हलत असेल तर रबर गेलेले असतात, आणि ते तसेच ठेवले की झटके कायम राहतात व दोष विनाकारण नव्या चेनवर जातो. नव्या चेनला कारखान्यातूनच वंगण लावलेले असते, त्यामुळे ती धुऊ नये. तिची दोन टोके मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांवर एकमेकांजवळ आणली की दातेच ती धरून ठेवतात आणि टोके जोडणारे लॉक सहज बसते. लॉकच्या क्लिपचे बंद तोंड चेन धावते त्या दिशेला, म्हणजे वरच्या बाजूला इंजिनाकडे असले पाहिजे. उघडे तोंड पुढे राहिले तर कशाला तरी अडकून क्लिप निसटू शकते.

चेन किती ताणावी, यावरच माझा गॅरेजवाल्यांशी सर्वात जास्त वाद होतो, कारण घट्ट चेन म्हणजे चांगले काम असा समज पक्का झालेला आहे. इंजिनाचा शाफ्ट, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरून वर-खाली हलणाऱ्या दांड्याचा) पिव्होट आणि मागचा एक्सल हे एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधले अंतर सर्वात जास्त होते. डबल स्टँडवर गाडी उभी असताना चाक खाली लोंबते आणि ही रेष मोडलेली असते. मागे माणूस बसून गाडी खड्ड्यात आदळली की ती जुळते आणि आधीच घट्ट असलेली चेन शाफ्टच्या बेअरिंगवर ओढ देते. म्हणून चाक हाताने फिरवून चेन सर्वात घट्ट होते ती जागा शोधावी, आणि तिथे खालच्या पट्ट्याच्या मध्यावर साधारण २५ मिलिमीटर हालचाल ठेवावी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो. चाक मागेपुढे सरकवणारे दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखेच फिरवावेत. स्विंगआर्मवरच्या खुणांवर माझा पूर्ण भरवसा नाही, त्यामुळे पिव्होटपासून एक्सलपर्यंतचे अंतर मी दोन्ही बाजूंनी सुतळीने ताडून पाहतो.

गाडी रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक तपासणे राहून जाऊ नये. जुन्या, लांबलेल्या चेनसाठी मागे सरकवलेले चाक नव्या चेनबरोबर पुढे येते, त्यामुळे ब्रेक रॉड सैल पडतो आणि पेडल नेहमीपेक्षा खोल जाते. रॉडच्या टोकाचा नट त्या मानाने आवळावा, चाक मोकळे फिरते ना हे पाहावे आणि ब्रेकचा दिवा वेळेवर लागतो का तेही बघून घ्यावे.