फुलांची पाळी कोणाची?

पावसाळी दुपार, निवत चाललेला चहा, आणि हातातल्या इंग्लिश रहस्यकथेत पहिल्याच प्रकरणात चर्चच्या व्हेस्ट्रीत, म्हणजे पाद्रीबुवांचे झगे ठेवायच्या खोलीत, कुणीतरी मरून पडलेलं. मेलेल्याचं फारसं वाईट वाटत नाही, तो बहुधा खाष्टच असतो. जीव अडकतो किल्लीत. एक व्हिकारकडे (गावचे पाद्रीबुवा), एक चर्चवॉर्डनकडे (चर्चचा कारभार बघणारा गावकरी) आणि तिसरी दाराशेजारच्या कुंडीखाली, साऱ्या गावाला ठाऊक असलेली.

हे किल्ल्यांचं वेड जुनं. १५३८ मध्ये आठव्या हेन्री राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंदवही ठेवायला लावली. पुढे १६०३ च्या नियमांनी वहीच्या पेटीला तीन कुलपं सांगितली. एक किल्ली पाद्रीबुवांकडे, दोन दोघा वॉर्डनकडे. म्हणजे चोरून पान फाडायचं तर पाद्रीबुवांनासुद्धा आणखी दोन किल्ल्या लांबवायला हव्यात! पान हाती लागलं तरी वाचणारा फसतोच. इंग्लंडात १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला बदलायचं. लग्न मे १७२० चं आणि बाळाचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १७२० चा, असं वाचून शहरातला वकील भुवया उंचावतो. पण तो फेब्रुवारी मे महिन्यानंतरचाच, आपल्या हिशेबाने १७२१ मधला. बाळ अगदी वेळेवर आलेलं.

खरी गंमत मात्र फुलांच्या यादीत. गुरवाच्या पाळीसारखी तिथेही वेदी फुलांनी सजवायची पाळी असते, आणि दुसरीच्या पाळीत हात घालणं हा खुनाखालोखालचा गुन्हा. लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासात वेदीवर सहसा फुलं ठेवत नाहीत. तेव्हा त्या दिवसांत ताजा गुच्छ दिसला की समजावं, कुणीतरी बाहेरचं येऊन गेलं. ईस्टरला लिली येतात. त्यांचे केसरी परागकोश उमलल्या उमलल्या चिमटीने काढायचे, नाहीतर वेदीचं पांढरं कापड गेलंच. डाग पडला तर पाणी लावायचं नाही, चोळायचं नाही; चिकटपट्टीने पराग अलगद उचलायचे. कथेतला खुनी हमखास बाही ओल्या रुमालाने पुसतो.

घंटांच्या बाबतीत मात्र लेखकच घसरतात. तिथली घंटा मोठ्या चाकावर बसवलेली असते आणि वाजवण्याआधी तोंड वर करून उभी ठेवतात. तिला तोलून धरतो एक लाकडी दांडका. नवख्याने आडदांडपणे दोर ओढला की दांडका मोडतो, घंटा कलंडून फिरत राहते आणि दोर सुसाट वर जातो. अशा वेळी दोर सोडायचा, धरून ठेवायचा नाही. त्यामुळे अंधारात पहिल्यांदाच मनोऱ्यात शिरून सुबक टोल देणारा खुनी अजिबात पटत नाही. सात घंटा एकामागून एक, दर फेरीला क्रम बदलून वाजवतात; असे सगळे ५०४० क्रम एकही न दुहेरता वाजवायला तीनेक तास लागतात, तेही मुरलेल्या हातांना. १९६३ मध्ये इंग्लंडातल्या लाफबरो गावी आठ जणांनी आठ घंटांचे ४०,३२० क्रम पूर्ण केले. जवळजवळ अठरा तास, माणूस न बदलता.

खुनी कोण, ते राहूनच गेलं. असेल कुणीतरी.

कुणी गेलं की बऱ्याच गावांत सर्वांत जड घंटा वाजायची. पुरुषासाठी नऊ ठोके, बाईसाठी सहा. मग वयाइतके, एकेक करून. शेतातली माणसं हातातलं काम थांबवून मोजत. सहा ठोके. मग एक, दोन, तीन… चारावर घंटा थांबली, की कुठल्या घरी जायचं ते कुणाला विचारावं लागत नसे.