वहीतली नववी ओळ

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव, असा अमेरिकेतल्या माझ्या मराठी शाळेचा निरोप आला आणि मी आधी आईकडे जाऊन माळ्यावरची दुरेघी वही शोधून काढली. तळघरातला वर्ग, खोबऱ्याच्या वड्या, स्नेहसंमेलनातली गडबड, यांबद्दल बाकीचे लिहितीलच. मला लिहायचंय ते बाईंबद्दल.

२००२ चा एप्रिल. पेट्रियट्स डेला, म्हणजे अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या पहिल्या लढाईच्या स्मृतिदिनी, पहाटे त्या लढाईचा प्रयोग बघायला बाई आम्हा नऊ मुलांना बॉस्टनजवळच्या लेक्सिंग्टनच्या ग्रीनवर, गावातल्या हिरवळीच्या मैदानावर, घेऊन गेल्या. अंधार, कडाक्याची थंडी, आणि बाईंच्या पिशवीत पोह्यांचा डबा. बकमन टॅव्हर्न या जुन्या खानावळीतून कॅप्टन पार्करची माणसं, म्हणजे गावचे स्वयंसेवक सैनिक, बाहेर पडली. समोर लाल डगल्यांतल्या इंग्रज सैनिकांची रांग. बंदुकांचा धूर पांगेपर्यंत सगळं संपलंही होतं. १९ एप्रिल १७७५ ला तिथे पार्करच्या बाजूचे आठजण मारले गेले, दहा जखमी झाले.

‘तेव्हा आपण कुठे होतो?’ मी विचारलं. बाईंनी हा प्रश्न हसण्यावारी नेला नाही. म्हणाल्या, ‘त्याच वर्षी मार्चमध्ये राघोबादादांनी सुरतेला इंग्रजांशी तह केला. इथे इंग्रजांना घालवायची लढाई सुरू झाली, तिकडे आपण त्यांना घरात घेत होतो.’ दहा वर्षांच्या मुलीला त्यातलं किती कळलं असेल! पण दोन्ही गोष्टी एकाच सालातल्या, हे डोक्यात पक्कं बसलं.

गर्दी ओसरल्यावर बाईंनी आम्हाला १७९९ च्या स्मारकस्तंभापाशी नेलं आणि त्यावरची आठ नावं देवनागरीत उतरवून घ्यायला लावली. बोटं गारठली होती. ‘मझी’ कसं लिहायचं, ‘हॅरिंग्टन’ दोनदा का येतं, असं आमचं चाललं होतं. आठवं नाव लिहून मी वही मिटणार, तोच बाई म्हणाल्या, ‘अजून एक ओळ लिही. प्रिन्स एस्टाब्रूक.’ तो गुलाम होता, पार्करच्याच तुकडीत उभा राहिला, गोळी लागून जखमी झाला. मेला नाही, म्हणून स्तंभावर नाही. ‘पण लढला ना? मग वहीत असू दे.’

२००८ मध्ये बकमन टॅव्हर्नसमोर एस्टाब्रूकच्या नावाचा दगड बसवला. मी तेव्हा सोळा वर्षांची. बाबांना गाडी काढायला लावली आणि फोटो काढून बाईंना पुण्याला पाठवला. त्या फोनवर बराच वेळ बोलल्याच नाहीत.

आज मी पाचवीला इतिहास शिकवते. यॉर्कटाउनला अमेरिकनांकडून हरलेला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस पुढे हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजांबरोबर टिपूवर चालून गेला, हे माझ्या अमेरिकन विद्यार्थ्यांना माहीत आहे. हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. ते बाईंचं देणं.

एकच वाईट वाटतं. त्या दिवशी टेकडीवरच्या ज्या ओल्ड बेलफ्रीखाली बसून आम्ही पोहे खाल्ले, ती घंटाघराची लाकडी इमारत डिसेंबर २०२३ च्या वादळात कोसळली. १९०९ मध्येही ती वाऱ्याने पडली होती आणि पुढच्याच वर्षी परत उभी केली होती, हे बाईंनीच सांगितलं होतं. तरी बातमी वाचून मला रडू आवरलं नाही.

बाई, समारंभाला याच. लोगन विमानतळावर मी न्यायला येते. घरी जाण्याआधी ग्रीनवर जाऊ. वही गाडीत ठेवली आहे.