ऑडिटर साहेबांनी नेमका तोच टेस्ट पोस्ट का निवडला?

शहर गॅस वितरणाच्या कामात, ओ अँड एम म्हणजे देखभालीच्या विभागात लागून मला आठ महिने झाले होते आणि पहिलंच टी-फोर-एस ऑडिट अंगावर आलं. टी-फोर-एस म्हणजे पीएनजीआरबीचे, म्हणजे पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक बोर्डाचे, २००८ चे तांत्रिक आणि सुरक्षा नियम. बोर्ड काही स्वतः गल्लोगल्ली माणूस पाठवत नाही. मान्यताप्राप्त त्रयस्थ संस्थेचे ऑडिटर येतात.

आठवडाभर आम्ही सीएनजी स्टेशन धुऊन काढलं, गॅसचा दाब कमी करणाऱ्या डीआरएसच्या जाळीला रंग मारला. माझा रूटसुद्धा ठरला होता: आधी स्टेशन, मग गंगापूर रोडवरची एक चकाचक सोसायटी, मग जेवण.

साहेब आले, चहा घेतला आणि तीन रजिस्टरं मागून बसले ते दोन तास उठलेच नाहीत. गस्तीचं, खोदकामाचं आणि सीपीचं, म्हणजे पाइप गंजण्यापासून वाचवणाऱ्या कॅथोडिक प्रोटेक्शनचं. मी न राहवून विचारलं, "सर, साइटवर कधी निघायचं?"

"कुठे जायचं ते आधी कळू दे," ते म्हणाले. "स्टीलच्या लाइनमध्ये ४९ बारपर्यंत दाब. पिवळ्या प्लास्टिकच्या पाइपात ४ बारच्या आत. स्वयंपाकघरात २१ मिलिबार. मी चूल बघत बसू का?"

नुसता दाबही पुरेसा नाही, हे पुढच्या प्रश्नांवरून कळत गेलं. वस्ती किती दाट, लाइन किती जुनी, मागच्या ऑडिटमधलं काय उरलंय, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खोदकाम कुठे चालू आहे. सिंहस्थाच्या कामांनी नाशिक उकरलेलंच होतं. 'कॉल बिफोर यू डिग' ॲप २०२३ पासून आहे, पण जेसीबीवाला ते उघडेल तेव्हा ना.

मग सीपीच्या रजिस्टरवर त्यांचं बोट थांबलं. जमिनीतलं स्टील गंजू नये म्हणून त्याला मॅग्नेशियमचे ॲनोड जोडतात. पाइपाऐवजी ते झिजतात. टेस्ट पोस्टवर, म्हणजे त्यासाठी लाइनवर उभ्या केलेल्या मोजणीच्या खांबावर, मोजलेलं रीडिंग उणे ०.८५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे हवं. अंबडच्या बाजूच्या एका पोस्टचं रीडिंग सलग सहा नोंदींत उणे १.०५. वळणदार अक्षर, एकाच पेनाने.

"मे महिन्यात काळ्या मातीला भेगा पडतात, जुलैत चिखल होतो. आणि हा पठ्ठ्या ढिम्म?" साहेब हसले. "चला, यालाच भेटू."

पोस्टपाशी धूळ आणि खडीचा ढीग. साहेबांनी हाफ-सेल (मीटरला जोडून जमिनीवर टेकवायची मोजणीची कांडी) टेकवायच्या जागी आधी स्वतःच्या बाटलीतलं पाणी ओतलं, कोरड्या मातीत रीडिंग खोटं येतं म्हणून. मीटरवर आलं उणे ०.६२. आणखी पाणी ओतलं, पुन्हा लावलं. तेच. माझ्या पोटात गोळा आला.

लाइनवर पायी गस्त घालणारे आमचे लाइनवॉकर मामा मागे उभे होते. हळूच म्हणाले, "मी सुपरवायझरला फोन केलेला साहेब. जेसीबी आलेला हितं." फोन झाला होता, कागद झाला नव्हता. चर उकरली तर ॲनोडची केबल दातांनी तोडल्यासारखी तुटलेली. पाइपाला ओरखडा नव्हता, हे नशीब. रीडिंग घेणाऱ्या ठेकेदाराचा माणूस किती दिवस तिकडे फिरकलाच नव्हता, हे विचारायचीही गरज उरली नाही.

अमेरिकेत ऑपरेटरच्या लाइनींना जोखमीचे गुण देऊन तपासणीचा क्रम लावतात, हे मी त्या रात्री वाचलं. पण गुण शेवटी ऑपरेटरच्याच माहितीवर. २०१० मध्ये कॅलिफोर्नियात सॅन ब्रूनोला लाइन फुटून ८ माणसं गेली. कंपनीच्या कागदावर तो पाइप बिनजोडाचा होता, प्रत्यक्षात फुटला तो सदोष वेल्डिंगच्या जोडावर. आमचं उणे १.०५ त्याच जातीचं.

मेजर एनसी, म्हणजे नियम न पाळल्याचा गंभीर शेरा, लागली. केबल जोडली, इतर पोस्टही नव्याने मोजून घेतले, त्यात दोन वाईट निघाले. आता रीडिंगला मी स्वतः जाते, मामांचा फोन आला की फॉर्म त्याच दिवशी भरते.

एनसी बंद करायला साहेब पुन्हा आले. रजिस्टरमध्ये उणे ०.९७, १.०२, ०.९४; एक आकडा खाडाखोड करून लिहिलेला, पानावर चिखलाचा अंगठा. तो अंगठा त्यांनी जरा वेळ पाहिला, पान उलटलं आणि विचारलं, "चहा आहे का?"