नऊ टाक्यांचा आराखडा

शनिवार, रात्र

दोन महिन्यांपूर्वी याच वहीत मी नऊ चौकोन काढले होते. ते पान आज पुन्हा उघडून पाहिले. भिंतीतील कोनाडा 95 सेंटिमीटर रुंद आणि 50 सेंटिमीटर खोल आहे. त्यात तीन फळ्यांची लोखंडी मांडणी बसवायची आणि माशांच्या 45 × 30 × 30 सेंटिमीटरच्या टाक्या अरुंद बाजू खोलीकडे करून आत सरकवायच्या, म्हणजे एका फळीवर दोनऐवजी तीन टाक्या मावतात, असा तो हिशेब होता. टाकीत काठाखाली तीन सेंटिमीटर सोडून पाणी भरले तरी ते सुमारे 36 लिटर होते. वाळू, दगड आणि काच धरून एकेक टाकी 50 किलोच्या आसपास जाते आणि नऊ टाक्यांचे 450 किलो होतात. एवढ्या वजनाला बिचकून मी पहिल्यांदा खालच्या दोनच फळ्या भरल्या, आणि तेवढ्यावरच चूक उघड झाली.

चूक टाक्यांच्या मापात नव्हती. खालच्या टाकीचा काठ आणि वरची फळी यांच्यामध्ये मी जेमतेम 12 सेंटिमीटर जागा सोडली होती. हात आत जात होता, पण कोपर वाकवायचे म्हटले की ते फळीच्या कडेवर आपटत असे. मागच्या कोपऱ्यातील तळ बोटांना कधीच लागला नाही. त्याच कोपऱ्यात गेल्या आठवड्यात एक गोगलगाय मरून पडली होती. पाणी दुधासारखे गढूळ होईपर्यंत आणि गप्पी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागेपर्यंत मला तिचा पत्ता लागला नाही. शेवटी लांब चिमट्याने तिला बाहेर काढले, तेव्हा शंखातून निघालेल्या वासाने खोलीत बसवेना. कुजणाऱ्या शरीरातून अमोनिया पाण्यात मिसळतो, आणि 36 लिटरसारख्या थोड्या पाण्यात तो वाढायला वेळ लागत नाही. जागा माशांना पुरली होती. माझ्या हाताला पुरली नव्हती.

म्हणून आज सकाळपासून सगळे उपसले. भरलेली टाकी उचलली किंवा सरकवली तर काचेच्या सांध्यांवर ताण येतो, त्यामुळे प्रत्येक टाकी तळापर्यंत रिकामी केली. मासे आणि स्पंज फिल्टर त्यांच्याच जुन्या पाण्यात बादल्यांमध्ये ठेवले. स्पंज वाळू द्यायचा नाही आणि नळाखाली धुवायचाही नाही, कारण अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू त्याच्याच छिद्रांत वस्ती करून असतात. कोरी टाकी स्वतःच्या बळावर तयार व्हायला चार ते सहा आठवडे घेते. नव्या टाक्या भरण्याआधी जास्तीचे स्पंज महिनाभर जुन्या टाकीत चालवून ठेवले होते, एवढे एक शहाणपण मात्र माझ्या हातून झाले होते.

आता खालची फळी जमिनीपासून 35 सेंटिमीटरवर आहे आणि वरची 90 सेंटिमीटरवर, म्हणजे खालच्या टाकीच्या काठावर जवळजवळ वीतभर मोकळीक राहिली आहे. तिसरी फळी गेली. खालची फळी उचलल्याचा आणखी एक फायदा झाला. पूर्वी ती जमिनीलगत असल्यामुळे टाकीतील पाणी आणि बादलीचा काठ यांच्या उंचीत फारसा फरक नसे आणि सायफनची धार रडतखडत चाले. आता ती जोरात पडते. लेव्हल लावून दोन्ही फळ्या तपासल्या, टाक्यांखाली थर्माकोल घातला आणि पाणी भरेपर्यंत अंधार पडला. पाठ अजून दुखते आहे.

रविवार, दुपार

एअर पंप आज सर्वांत वरच्या टाकीच्या पाण्यापेक्षा उंच खिळ्यावर टांगला. तो खाली असताना वीज गेली की नळीतून पाणी उलटे ओढले जाऊन पंपावाटे जमिनीवर येऊ शकते. नळीत एकेरी झडप बसवलेली आहे, पण एका इवल्या झडपेच्या भरवशावर रात्री झोप लागत नाही. वायरींना प्लगच्या खाली झोळ दिला आहे, म्हणजे ओघळून आलेला थेंब तिथेच टपकून जाईल.

वरच्या फळीवरचे पाणी खालच्यापेक्षा किंचित उबदार राहते, म्हणून दोन्ही फायटर मासे वर आणि गप्पी खाली. दोन्ही नरांना एकमेकांचे रूप दिसले की ते दिवसभर कल्ले फुलवून काचेवर धावून जातात. त्यांच्यामध्ये काळा पुठ्ठा उभा केला, तेव्हा कुठे डाव्या टाकीतला निळा खायला आला. खालच्या तीन टाक्यांपैकी एक वाळूविना, उघडीबोडकी ठेवली आहे. नवा मासा आधी तिथे दोन ते चार आठवडे राहील आणि तिची जाळी दुसऱ्या कोणत्याही टाकीत बुडवायची नाही, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग ओल्या जाळीबरोबरही घरभर फिरतो.

म्हणजे एकूण टाक्या पाच. आठवड्याला प्रत्येकीतले चौथाई पाणी बदलायचे म्हटले तरी 45 लिटर काढायचे आणि तेवढेच भरायचे. वहीतल्या नऊ चौकोनांनी हे ओझे मला सांगितले नव्हते.

वरच्या फळीवर एका टाकीची जागा मोकळी राहिली आहे. बहीण सकाळी ते पाहून म्हणाली, "अगं, इथे अजून एक आरामात मावेल." मी तिथे 20 लिटरची बादली ठेवली. आदल्या दिवशी भरलेले पाणी तिच्यात खोलीच्या तापमानाला येते, क्लोरीन काढणारे थेंब त्यात आधीच पडलेले असतात आणि बारीक नळी सोडली की ते खालच्या टाक्यांत आपोआप उतरते. वरच्या दोन टाक्यांसाठी पाणी ओतायचा मग लागतो, तो बादलीच्याच कडेला अडकवला आहे.