आमची वाटचाल : चर्च, थंडी आणि कॉयरचं रेकॉर्डिंग

मी आणि बायको मिळून इंग्लंडमधे छोटी रेकॉर्डिंग फर्म चालवतो, म्हणजे स्टुडिओ बिडिओ काही नाही, एक व्हॅन, माईक, स्टँड, केबलची भेंडोळी आणि लॅपटॉप. सुरुवात मराठी मंडळाच्या कार्यक्रमांपासून झाली, दिवाळी पहाट, भावगीतं वगैरे, मग मंडळातल्याच एक काकू त्यांच्या गावच्या कॉयरमधे, म्हणजे गायकवृंदात, गायच्या त्यांनी बोलावलं आणि तिथे विल्यम बर्ड या चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्लिश संगीतकाराचं चार आवाजांचं मास (कॅथलिक प्रार्थनाविधीचं संगीत) पहिल्यांदा ऐकलं. बर्ड कॅथलिक, आणि त्या काळात इंग्लंडमधे कॅथलिक प्रार्थनेवर बंदी, त्यामुळे हे सगळं बड्या लोकांच्या घरात लपूनछपून गायलं जायचं. ऐकलं आणि अडकलोच.

आता बहुतेक हेच काम करतो, पॅलेस्ट्रिना, टॅलिस, व्हिक्टोरिया अशा त्याच काळातल्या संगीतकारांचं. साथीला वाद्य नाही, नुसते गळे. यात माईकपेक्षा इमारत महत्त्वाची हे मी प्रत्येक क्लायंटला सांगतो आणि प्रत्येक क्लायंट आधी माईकचं मॉडेलच विचारतो! टॅलिस स्कॉलर्स या गायकांच्या ग्रुपने १९८० साली ऑक्सफर्डच्या मर्टन कॉलेजच्या चॅपलमधे केलेलं अलेग्रीचं मिझेरेरे हे प्रार्थनागीत ऐका (अलेग्री तसा नंतरचा, १६५२ ला गेला, पण लोक त्याला यांच्यातच धरतात), निम्मी कमाल त्या चॅपलची आहे.

सेशनला हीटिंग बंद, कारण पाईप टकटक करतात. सगळे कोट घालून उभे, पण सळसळणारं जॅकेट चालणार नाही. विमान गेलं की टेक (एका दमाचं रेकॉर्डिंग) वाया गेला. शेवटचा सूर सोडल्यावर घुमणारा आवाज पूर्ण विरेपर्यंत कोणी हलायचं नाही, पान उलटायचं नाही, आणि नेमकं तेव्हाच कोणीतरी खोकतं. त्यात वाद्य नसल्यामुळे पट्टी हळूहळू उतरते, मग सकाळच्या टेकची ओळ दुपारच्या टेकला जोडताच येत नाही, म्हणून दर टेकआधी सूर द्यावा लागतो. बायको तानपुऱ्यावर शिकलेली, तिला उतरलेला सूर ट्यूनरच्या आधी कळतो. ती आतल्या खोलीत हेडफोन लावून बसते, स्कोअरवर (छापील स्वरलिपीवर) पेन्सिलने खुणा करते आणि टॉकबॅकवरून, म्हणजे गायकांशी बोलायच्या स्पीकरवरून, गोड आवाजात परत गायला लावते.

धंद्याचं म्हणाल तर जयंत्या-पुण्यतिथ्यांवर बरंच चालतं. २०२३ ला बर्डला जाऊन ४०० वर्षं झाली तेव्हा सगळ्यांना बर्डच हवा होता, २०२५ ला पॅलेस्ट्रिनाची पाचशेवी जयंती. हायपेरियनसारखं लेबल (रेकॉर्ड कंपनी) कितीतरी वर्षं स्ट्रीमिंगपासून लांब राहिलं, २०२३ मधे युनिव्हर्सल या बड्या म्युझिक कंपनीने घेतल्यावर तेही तिकडे गेलं. हौशी कॉयरना स्ट्रीमिंगमधून काय सुटणार, पण कॉन्सर्ट संपल्यावर चर्चच्या दारात टेबल मांडलं की सीडी अजूनही खपते, घरी प्लेअर नसलेले लोकही घेतात, म्हणून थोड्या कॉपीज आम्ही काढतोच.

सध्या व्हिक्टोरियाच्या सहा आवाजांच्या रिक्वीमचं (मृतांसाठीच्या मासचं) एडिटिंग चालूय, १६०५ ला छापलेलं. पुढच्या तारखा हव्या असतील तर आधी चर्च बघून ठेवा, हमरस्त्यापासून लांब, आणि मग फोन करा.